रघूजींनंतर आम्हीच

नागपूरकरांना समुद्रातलं काय कळतं, असं मुंबई-पुण्याचे नातेवाईक विचारतात तेव्हा मी त्यांना देवगावच्या तहाकडे पाठवते. १७५१ साली बंगालच्या नवाबाने, अलीवर्दीखानाने, ओडिशावरचा हात सोडला आणि पुढची बावन्न वर्षं जगन्नाथपुरीचा किनारा नागपूरकर भोसल्यांच्या जमाखर्चात राहिला. मग १७ डिसेंबर १८०३ रोजी वऱ्हाडातल्या देवगावला तह झाला, कटक प्रांत कंपनी सरकारकडे गेला, आणि आमच्या वाट्याला अंबाझरी, फुटाळा आणि सक्करदरा उरले. म्हणजे समुद्र आम्हाला नवा नाही. होता, गेला.

त्याही आधीची गोष्ट आहे. १७४० च्या मे महिन्यात पहिले रघूजी भोसले कर्नाटकाच्या स्वारीवर गेले, दामलचेरीच्या खिंडीत त्यांनी अर्काटच्या नवाबाला, दोस्त अलीला, गाठलं, तो लढाईत पडला. याच स्वारीत पुढे त्यांनी पाँडिचेरीच्या फ्रेंचांना खंडणीसाठी दटावलं. फ्रेंच गव्हर्नर दुमाने खंडणी पाठवली नाही, उंची मद्याच्या बाटल्या पाठवल्या. त्या रघूजींच्या घरच्या मंडळींना इतक्या पसंत पडल्या की आणखी मागवण्यात आल्या, आणि हल्ल्याचा विषय मागे पडला, असं फ्रेंचांचा इतिहास लिहिणारा मॅलेसन सांगतो. ऐन मे महिन्यात कोरोमंडलच्या किनाऱ्यावर जाऊन नागपूरकराने नेमकं काय करावं, याचा आमच्या इतिहासात सापडणारा हा एवढाच दाखला. पुढे पावणेतीनशे वर्षांनी आम्ही गेलो.

आम्ही म्हणजे मी आणि हे. मी शाळेत भूगोल शिकवते. हे वीज मंडळातून निवृत्त झालेत. लेक चेन्नईजवळ सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरी करते आणि तिथून जवळच्या कोवळम नावाच्या कोळीवाड्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन राहते. हे केरळातलं प्रसिद्ध कोवळम नव्हे. हे चेन्नईच्या दक्षिणेला, ईसीआर नावाच्या किनारी रस्त्यावर. इंग्रजांनी याचं कोव्हलाँग केलं, आणि १७५२ साली क्लाइव्हने इथला किल्ला घेतला. आता त्या जागी मोठं हॉटेल आहे. गावात एक दर्गा, एक चर्च, देवळं, मासळीच्या होड्या, आणि या सगळ्यांच्या मध्ये भिंतीला टेकवून ठेवलेले रंगीबेरंगी सर्फबोर्ड.

लेक फोनवर म्हणाली, "आई, सुट्टीत ये. सर्फिंग शीक." मी म्हटलं, "या वयात?" ती म्हणाली, "मग कोणत्या?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि सुट्टी मात्र भरपूर होती. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या नंतर उघडतात. सरकारने आमच्यावर केलेली ही मेहेरबानी उन्हामुळे आहे. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. त्या दिवशी आमच्याकडे काय झालं ते विचारू नका; काहीच झालं नाही, कूलरसमोरून कोणी उठलंच नाही.

सामानात सावजी मसाला, संत्रा बर्फी, मूगवड्या आणि तुरीची डाळ होती. तुरीची डाळ कशाला, तामिळनाडूत सांबार करतातच की, असं लेक म्हणाली. यांचं मत पडलं की परक्या डाळीचा भरवसा नाही. तामिळनाडू एक्स्प्रेसमध्ये दुपारी नागपूरला बसलं की सकाळी चेन्नई. इतक्या लवकर गाडी पोचवते म्हणून माणसाला वाटतं, जवळच आलो आहोत, नागपूरच्याच सवयीने राहता येईल. पहिल्या सकाळी यांनी लेकीला विचारलं, "कूलर कुठं मिळतो बे इथं?"

नागपूरच्या घरात कूलरला मान असतो. मार्चमध्ये तो माळ्यावरून उतरवायचा, पंप बघायचा, नवं गवत भरायचं, आणि मग जूनपर्यंत घरातल्या प्रत्येकाने आळीपाळीने त्याच्यात पाणी टाकायचं आणि आपली पाळी नव्हती असं म्हणायचं. हे इलेक्ट्रिकवाल्याच्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी एसी दाखवला, मग पंखा, मग आणखी मोठा पंखा. यांनी हातवारे करून गवत, पाणी, पंप हे सगळं समजावलं. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांना रोपवाटिकेचा पत्ता दिला. घरी आल्यावर मी नववीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं, की हवा कोरडी असेल तरच पाण्याची वाफ होते आणि वाफ झाली तरच गारवा येतो. इथली हवा आधीच पाण्याने भरलेली, तिला आपल्या बादलीची गरज नाही. यावर हे म्हणाले, "हे तू मले दुकानात जायच्या आधी सांगाचं होतं." आपल्याकडे नवतपा, तर इथे अग्नि नक्षत्र. मे महिन्याचे दिवस त्यांनीही पंचांगात नाव देऊन बाजूला काढून ठेवलेत. फरक इतकाच की नागपूरचं ऊन माणसाला वाळवतं आणि इथलं उकडतं.

सर्फिंगची वेळ पहाटेची. हे मला शिकवायला कोणी नको होतं. रात्री जमीन लवकर थंड होते, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्याला मतलई वारा म्हणायचं. दिवसा उलट, तो खारा वारा. फळ्यावर दोन बाण काढून हे मी किती पोरांच्या गळी उतरवलंय. पण मतलई वाऱ्याने लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो, ती फुटायला जरा उशीर करते, आणि म्हणून सर्फर लोक पहाटे उठतात, हे पाठ्यपुस्तकात नाही. चेन्नईत दुपारी खारा वारा सुटला की अख्खं शहर सुटकेचा श्वास टाकतं, आणि त्याच क्षणी कोवळमच्या किनाऱ्यावर बोर्ड घेऊन उभी असलेली पोरं हवामान खात्याला शिव्या घालत घरी जातात. एकाच वाऱ्याबद्दल एकाच किनाऱ्यावर इतकी टोकाची मतं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

शिकवणारा कोळ्याचा मुलगा, विशीतला. त्याला सगळे मास्टर म्हणतात. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर तो मला टीचर म्हणायला लागला, आणि त्या दिवसापासून आम्ही दोघंही एकमेकांना जरा घाबरून राहिलो. पहिला धडा वाळूवर. कोणता पाय पुढे राहणार ते ठरवायचं असतं. डावा पुढे असला तर रेग्युलर, उजवा असला तर गूफी. ते ओळखायची रीत अशी की माणसाला नकळत मागून ढकलायचं, आणि तोल सावरायला जो पाय पुढे येईल तो त्याचा पाय. मास्टरने दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. टीचरला ढकलायचं कसं? शेवटी त्याने लेकीला खूण केली. लेकीने ढकललं ते सगळ्या शालेय जीवनाचा हिशेब चुकता केल्यासारखं. मी गूफी निघाले.

मग नऊ फुटी फोमचा बोर्ड, मागच्या पायाच्या घोट्याला दोरी, तिला लीश म्हणतात. अंगात लांब बाह्यांचा घट्ट रॅशगार्ड. तो आधीच घट्ट, त्यात ओला झाल्यावर काढायला घरातली दोन माणसं लागतात. पालथं पडायचं, हाताने पाणी मागे ओढायचं, लाट आली की मास्टर ओरडतो, "पॅडल, पॅडल, पॅडल, अप!" या "अप"ला दोन्ही तळहात छातीशी टेकवून एका उसळीत उभं राहायचं असतं. माझं "अप" टप्प्याटप्प्याने व्हायचं. आधी गुडघा, मग दुसरा गुडघा, मग जरा विचार, तोवर लाट पुढे निघून गेलेली. पोरांना मी "खाली बघू नका, फळ्याकडे बघा" म्हणत आले, मास्टर मला तेच म्हणायचा, "टीचर, डोन्ट लुक डाऊन! लुक बीच!" खाली पाहिलं की डोकं खाली, डोकं खाली की वजन पुढे, वजन पुढे की बोर्डाचं नाक पाण्यात आणि आपलं त्याच्या पाठोपाठ. न्यूटनने हे आधीच सांगून ठेवलंय.

आणि एक सांगायचंच राहिलं. लाटेबरोबर पाणी पुढे जात नाही, पाण्याचा कण जागच्या जागी वर्तुळात फिरतो, पुढे सरकते ती फक्त ऊर्जा, हे वाक्य मी वर्षानुवर्षं लिहून घेतलंय, परीक्षेत विचारलंय, अर्धा मार्क कापलाय. ते खोल समुद्रात खरं आहे. किनाऱ्याजवळ तळ वर आला की लाटेचा खालचा भाग घासटून मंदावतो, वरचा तसाच धावतो, आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापटीवर आली की वरचा भाग कोसळतो. कोसळल्यावर मात्र पाणी पुढे जातं, चांगलंच जातं, आणि त्यात शिक्षिका असली तर तीही जाते, थेट होड्यांपर्यंत. होड्यांपाशी जाळी शिवत बसलेल्या म्हाताऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी पाय जरा बाजूला घेतले.

या गावातली माणसं सर्फिंगकडे ज्या नजरेने बघतात ती नजर बघण्यासारखी आहे. लाकडाचे ओंडके बांधलेल्या कट्टुमरमवरून लाट फोडून बाहेर जाणं आणि लाटेवर बसून परत येणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. शिवाय २६ डिसेंबर २००४ ची, त्सुनामीची सकाळ या किनाऱ्यावर सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच लाटेवरून पडायला लांबलांबची माणसं पैसे देऊन येतात, हे त्यांना पचायला वेळ लागला असणार. पचवून दिलं ते त्यांच्यातल्याच मूर्ती मेगवनने. हा इथला कोळी. उधारीच्या बोर्डवर सुरुवात केली, गावातल्या पोरांना शिकवलं, आणि २०१२ च्या सुमारास अरुण वासू या उद्योजकाच्या साथीने इथे सर्फ स्कूल उभं राहिलं. त्याहीआधी, २००४ मध्ये, जॅक हेब्नर नावाचा अमेरिकन साधू कर्नाटकात मुळकीला आश्रम थाटून बसला होता. सर्फिंग स्वामी म्हणायचे त्याला. तिथे सर्फिंग, भजन आणि शाकाहारी जेवण. लेकीने आधी मुळकीचं सुचवलं होतं. शाकाहारी हा शब्द ऐकल्यावर यांनी विषय बदलला होता.

हे स्वतः पाण्यात गेले नाहीत. गुडघ्यापर्यंत गेले, चप्पल हातात घेऊन, आणि परत आले. पण त्यांचा या खेळाबद्दलचा आदर जॉन्टी ऱ्होड्समुळे वाढला. कोवळमच्या सर्फ महोत्सवाला ऱ्होड्स येऊन गेलाय, तो सर्फिंग करतो, हे चहावाल्याने सांगितल्यावर हे म्हणाले, "अगं, ज्या माणसाने ९२ च्या वर्ल्ड कपात इंझमामला उडी मारून रनआउट केलं, तो इथं उडी मारून राहिला. मग खेळ साधा नाही." तेव्हापासून मी बोर्डवरून पडले की ते किनाऱ्यावरून फिल्डिंगबद्दल सूचना करायचे.

पाण्यात असताना खरं काम असतं बसायचं. लाटा एकट्या येत नाहीत, टोळीने येतात. आधी चार-सहा मोठ्या, मग बराच वेळ काही नाही. या लाटांची मुळं खाली दक्षिणेत, गरजणाऱ्या चाळिसांच्या वादळी पट्ट्यात. तिथून हजारो किलोमीटर चालत, श्रीलंकेच्या बाजूने सरकत त्या इथे येतात, त्यामुळे वक्तशीरपणाची अपेक्षा करता येत नाही. सगळे बोर्डवर पाय सोडून क्षितिजाकडे तोंड करून बसतात. आयटीतली पोरं या बसण्याने कासावीस होतात; खिशात मोबाइल नाही आणि खिसाही नाही. माझं तसं झालं नाही. ज्या माणसाने नागपुरात मृगाच्या पावसाची वाट बघितली आहे, तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्याची वाट बघितली आहे आणि पेपर तपासणीच्या मानधनाची अजून बघतोय, त्याला पुढच्या लाटेची घाई नसते. मास्टर एकदा म्हणाला, "टीचर, यू व्हेरी गुड वेटिंग." सर्फिंगमध्ये मला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र.

नियमही असतात. लाट जिथून फुटायला लागते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल त्याची ती लाट. दुसऱ्याने मध्ये घुसायचं नाही. हे मला समजलं, पण हाडात उतरेना, कारण वाहतुकीचं माझं सगळं शिक्षण सीताबर्डीच्या व्हरायटी चौकात झालंय. तिथे जागा दिसली की घुसायचं असतं. न घुसणाऱ्याला मागचे लोक हॉर्न वाजवून त्याच्या कर्तव्याची आठवण करून देतात. समुद्रात हॉर्न नाही. चुकून घुसलात तर लोक काही बोलत नाहीत, नुसतं बघतात. हे फार वाईट. एका पुण्याच्या मुलाने मात्र बोलून दाखवलं, आणि जाता जाता माझा तमीळ उच्चारही दुरुस्त करून दिला.

सर्फिंग हे सगळं मिळून सकाळचा दीड तास. उरलेला दिवस कुठे जातो? बाहेरून बघणाऱ्यांना वाटतं, लांब सुट्टी म्हणजे नारळाच्या झाडाला झोपाळा बांधून पडायचं. बांधून बघा. नारळ पडतो. खरं तर पंधरवडा उलटायच्या आत तिथे घर सुरू होतं. आविनच्या दुधाच्या पिशव्या कोणत्या रंगाच्या घ्यायच्या, गॅस कधी संपेल, पाण्याचा टँकर कोणत्या दिवशी, कचरेवाला किती वाजता, कोणत्या दुकानात उधारी चालते. मिठाच्या हवेत टॉवेल वाळत नाही, त्यामुळे सकाळी टॉवेल उलटायचा, दुपारी उलटायचा, रात्री आत घेऊन पंख्याखाली उलटायचा. ओला रॅशगार्ड, सुका रॅशगार्ड, वाळू. वाळू चादरीत, वाळू डब्यात, वाळू यांच्या चष्म्याच्या केसमध्ये, जे कधी समुद्रात गेलेच नाहीत. नागपूरला मोलकरीण नाही आली की मी जेवढी चिडते तेवढीच तिथे चिडायला लागले, तेव्हा कळलं, आपण रुळलो.

रुळायला पोहे लागतात. चार दुकानं फिरल्यावर पाचव्याने "अवल" म्हणत पाकीट पुढे केलं. जाड होते, लालसर होते, पण पोहे होते. तर्रीसाठी काळे चणे तिथेच मिळाले. तिकडे त्या चण्यांचंही सुंडल करतात. सावजी मसाला बरोबर होताच. रविवारी सकाळी तर्री-पोह्यांचा वास खालच्या मजल्यावर गेला आणि घरमालकीण अक्का जिन्याने वर आल्या. कोळणीचं घर, तिखटाला भिणारं नव्हे, हे मला माहीत होतं, तरी मी त्यांना वाटीभर तर्री देताना बजावलं, जपून. अक्कांनी चमच्याने रस्सा घेतला, तोंडात घोळवला आणि म्हणाल्या, "कारम कम्मी." तिखट कमी! सावजीला! सगळ्या नागपूरच्या वतीने मी ते ऐकून घेतलं. यांनी दोन दिवस अक्कांशी बोलणं टाकलं. तसं ते आधीही बोलत नव्हते, भाषाच नव्हती. पण आता मुद्दाम बोलत नव्हते.

मग मी कुरड्या घालायला घेतल्या. मे महिन्यात नागपूरची बाई वाळवण घालत नाही म्हणजे तिची तब्येत बरी नाही, असा आमच्याकडे अर्थ होतो. गहू भिजवला, रोज पाणी बदललं, वाटून चीक काढला, शिजवला. सोऱ्या अक्कांकडून आणला. त्यांचा तो मुरुक्कूचा, पण काम तेच. गच्चीवर जुनं लुगडं अंथरलं आणि ओळीने कुरड्या घातल्या. अक्का कमरेवर हात ठेवून बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "वडाम!" म्हणजे हा पदार्थ त्यांच्याकडेही आहे, फक्त तांदळाचा, साबुदाण्याचा. मग त्यांनी माझ्या चिकात मीठ कमी असल्याचं खुणेने सांगितलं, आणि त्याच गच्चीच्या दुसऱ्या टोकाला आपली नेत्तिली वाळत घातली. नेत्तिली म्हणजे बोटाएवढी चंदेरी मासळी. शंभर-दोनशे, ओळीने, माझ्या कुरड्यांच्या शिस्तीला लाजवील अशी. वारा त्यांच्याकडून माझ्याकडे. कोणता वारा ते मी भूगोलाच्या आधारे सांगू शकले असते, पण उपयोग नव्हता. शिवाय कावळे. कावळ्यांना कुरड्या नको होत्या, नेत्तिली हवी होती, पण जायचा रस्ता कुरड्यांवरून होता. नागपूरला दोन दिवसांत कडकडीत वाळणाऱ्या कुरड्या तिथे आठवडाभर नरमच राहिल्या. शेवटी तळल्या. यांनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि विचारलं, "झिंगे टाकले काय यात?" मग दुसरा घेतला. त्या कुरड्या तीन दिवसांत संपल्या, आणि अक्कांच्या घरी त्यातल्या निम्म्या गेल्या.

लेकीने माझा बोर्डवरचा एक फोटो आमच्या शाळेच्या शिक्षकांच्या ग्रुपवर गेला पाहिजे अशा बेताने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. गेला. "मॅडम, मगरी नाहीत ना तिथे?" असं गणिताच्या सरांनी विचारलं. आहेत. रोम्युलस व्हिटेकरने १९७६ साली काढलेली मगरींची बँक त्याच रस्त्यावर थोडं पुढे आहे, पण कुंपणात. एका वरिष्ठ बाईंनी लिहिलं, "शिक्षकी पेशाला शोभतं का?" मी कळवलं की अ‍ॅगाथा ख्रिस्तीने १९२२ साली जगप्रवासात दक्षिण आफ्रिकेत आणि हवाईला सर्फिंग केलं होतं. बाईंचं उत्तर आलं, "ती खून लिहायची." त्यावर मी काय बोलणार?

मामींचा फोन वेगळ्याच कामासाठी आला. कोवळमपासून जवळच तिरुविडंदैला नित्यकल्याण पेरुमाळचं देऊळ आहे. वराहरूपातल्या देवाने गालव ऋषींच्या तीनशे साठ मुलींशी रोज एक याप्रमाणे लग्न लावलं अशी तिथली कथा, आणि ज्यांचं लग्न जमत नाही ते तिथे हार घेऊन जातात. मामींच्या मुलाचं जमत नव्हतं. "तू तिथेच आहेस तर जाऊन ये ना," असं त्या म्हणाल्या, जणू मला धंतोलीहून रामदासपेठेत जायचं होतं. देवळात गेले, मुलाचं नाव, गोत्र, नक्षत्र सांगितलं. भटजींनी विचारलं, मुलगा कुठाय? नागपुरात. ते म्हणाले, त्याला स्वतः यावं लागेल. हे मामींना कळवल्यावर त्या म्हणाल्या, त्याला रजा नाही. तीनशे साठ लग्नं लावणाऱ्या देवालाही सुट्टी नसताना त्याने वेळ काढला होता, हे मी बोलले नाही.

इकडे यांचं स्थान माझ्यापेक्षा पक्कं होत चाललं होतं. चहाच्या टपरीवर पहाटे इलैयाराजाची गाणी लागलेली असतात, बाक असतं, आणि बाकावर गावातली निवृत्त माणसं. यांना तमीळ येत नाही, त्यांना हिंदी नको. पण आयपीएलचा मोसम, त्यात चेन्नई. धोनी एवढा एक शब्द सगळ्यांकडे होता आणि त्याच्यावर पहिले आठवडे निघाले. मग एक दिवस टपरीवरचा दिवा सारखा उघडझाप करायला लागला. हे उठले, टेस्टर नेहमी खिशात असतोच, त्यांनी होल्डर उघडला, वायर सोलली, पुन्हा पिळली. दिवा लागला. टी मास्टरने त्या चहाचे पैसे घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी यांना गावात नाव पडलं, "ईबी सार". तिकडे वीज मंडळाला ईबी म्हणतात. मग कोणाच्या मोटरचा कपॅसिटर, कोणाच्या फ्रिजचा शॉक, सर्फ स्कूलच्या शॉवरचा पंप. नागपूरला निवृत्तीनंतर यांना घरातला बल्ब बदलायला मला तीनदा सांगावं लागे. इथे सकाळी सहाला दारात माणूस उभा, "सार, फ्यूज." अक्कांच्या घरचं जुनं मीटर बघायला गेले तेव्हा अबोला आपोआप संपला, अक्कांनी नेत्तिलीचं ताट भरून वाढलं, आणि हे मला म्हणाले, "तिखट कमी आहे." अक्कांना काही कळलं नाही, पण त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलवली.

जूनमध्ये लाटा मोठ्या झाल्या. पहाटेचा पश्चिमेचा वारा, पाणी गुळगुळीत, आणि एका सकाळी मी उभी राहिले. पूर्ण. दोन्ही पाय, नजर किनाऱ्यावर, डोकं वर. किती वेळ ते विचारू नका, मास्टरने घड्याळ लावलं नव्हतं. पण होड्या जवळ येताना दिसत होत्या आणि मी अजून बोर्डवरच होते. जाळी शिवणाऱ्या म्हाताऱ्यांनी या वेळी पाय बाजूला घेतले नाहीत, कारण त्यांना वाटलं मी आधीच पडेन. मी पडले नाही, थांबता येत नव्हतं. एका म्हाताऱ्याने पायाने बोर्ड अडवला, लीश माझ्या पायातून सोडवून दिली आणि पुन्हा जाळं हातात घेतलं.

मग शाळेचं पत्रक आलं. वर्ग सजवायचे, पुस्तकं वाटायची, पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव. मी परतीची तिकिटं काढली, तामिळनाडू एक्स्प्रेसची, दोन. सामान बांधायला घेतलं. उरलेला सावजी मसाला अक्कांना द्यायचा ठरवला. त्यांच्याकडे तो लहान मुलांच्या वरणात जाईल याची खात्री होती. दूधवाल्याचा हिशेब करायला गेले तर तो हात हलवत म्हणाला, "सार कुडुत्ताच्चु," म्हणजे सारांनी दिले. किती? जुलैपर्यंतचे.

घरी येऊन विचारलं. हे खुर्चीवर बसून सर्फ स्कूलच्या शॉवरचा स्टार्टर उघडत होते. वर न बघताच म्हणाले, "शाळा तुझी उघडून राहिली. मी काहून येऊ?"